आमची बंद यंत्राची खरेदी

मॅट्रिकची परीक्षा आणि पाठशाळेंत चार वर्षें केलेलें संस्कृत एवढ्या भांडवलावर ज्यानें छत्तीस वर्षें मुलांना 'देव' शब्द चालविण्यास शिकविलें, त्या माणसानें लोखंडी यंत्राच्या खरेदीविषयीं लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तें तसेंच वाटतें. शब्द चालविणें आम्हांस येतें. यंत्र चालविणें येत नाहीं, आणि ज्या यंत्राची ही हकीकत आहे तें तर मुळीं चालतच नव्हतें. परंतु ही गोष्ट आमच्या घरांत घडली, तींत आमचा हात होता, आणि तिचा एक भाग आम्ही आजवर घरांत कोणाजवळ बोललों नाहीं, म्हणून लेखणी हातीं घेतली आहे.

आमचें घर वाईपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, कृष्णेच्या कांठीं आहे. लहानथोर मिळून सतरा पानें दोन पंक्तींत उठतात. थोरले बंधु सन २०१४ मध्यें निवर्तले. तेव्हांपासून घराच्या किल्ल्या व हिशेबाच्या वह्या वहिनींकडे आहेत, गोठा त्यांचा एकुलता एक मुलगा बापू पाहतो, आणि आम्ही व आमचे धाकटे बंधु, दोघेही पेन्शनर, न विचारतां सल्ला देण्याचें काम करतों.

गोठ्यांत चौतीस संकरित गाई आहेत. दूध सर्वांना दिसतें; शेण ज्याला उचलावें लागतें त्यालाच दिसतें. एक मोठी गाय दिवसाकाठीं पंधरा-वीस किलो शेण टाकते. म्हणजे आमच्या गोठ्यांत रोज अर्ध्या टनाहून अधिक शेण निघतें, आणि पावसाळ्यांत त्यांत चिखल मिसळला म्हणजे त्याचें वजन करण्याच्या भानगडींत कोणी पडूं नये. हें सारें फावड्यानें ओढून, पाट्यांत भरून उकिरड्यावर नेण्याचें काम तीस वर्षें नानांनीं केलें. नाना आमच्या वडिलांच्या हाताखालीं कामास लागलेले. घरांतलीं मुलें त्यांना आजोबांच्या मानानेंच हाक मारतात. सन २०२२ च्या पावसाळ्यांत त्यांची कंबर अशी धरली कीं साताऱ्याच्या डॉक्टरांनीं वांकून ओझें उचलण्यास साफ बंदी केली. नवा गडी मिळेना. जवळपासचीं तरुण मुलें शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत जातात. तेथें डोक्यावर छप्पर असतें, महिन्याच्या महिन्यास पगार असतो आणि अंगाला वास येत नाहीं. त्यांना दोष देण्यास आम्हांस तोंड नाहीं, कारण आमच्या घरांतील मुलांपैकींही बापूखेरीज गोठ्यांत कोणी राहिलें नाहीं. नाना मात्र बंदी न जुमानतां पहांटे फावडें घेऊन उभे राहत, आणि बापूला तें पाहवेना.

घरीं ट्रॅक्टर होता. पण गाईंच्या दोन ओळींमधल्या बोळांत तो शिरे खरा, वळत मात्र नसे. बापूनें जें यंत्र मनांत धरलें होतें त्याला स्किड स्टियर लोडर म्हणतात. आमच्याकडे माती उकरणारें कोणतेंही पिवळें यंत्र दिसलें कीं तो 'जेसीबी', मग कारखाना कोणताही असो. त्यामुळें गांवांत याला पुढें 'लहान जेसीबी' हेंच नांव पडलें. चार चाकें, मध्यें पिंजऱ्यासारखी बैठक, मागें इंजिन, आणि दोन्ही बाजूंनीं पुढें आलेले दोन लोखंडी हात. त्या हातांच्या टोंकाला रुंद बकेट. मौज अशी कीं याचीं चाकें वळतच नाहींत. डावीकडील दोन चाकें एका पंपाच्या तेलावर फिरतात, उजवीकडील दोन दुसऱ्याच्या. एक बाजू पुढें व दुसरी मागें चालविली कीं यंत्र चाकें घासत, भोंवरा फिरावा तसें जागच्या जागीं फिरतें. टायर लवकर झिजतात, पण जेथें बैल फिरणार नाहीं तेथें हें फिरतें.

बापूनें याचा जन्मवृत्तांत सांगितला तेव्हां आमचा विरोध निम्मा ओसरला. अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत रॉथसे नांवाच्या लहानशा गांवीं लुई व सिरिल केलर हे दोघे भाऊ लोहारकामाचें व यंत्रदुरुस्तीचें दुकान चालवीत. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला आपल्या कोठारांतील घाण काढावयाची होती. कोठारांत खांबांची दाटी, आणि वरचा मजलाही साफ करावयाचा. तेव्हां यंत्र लहान, हलकें व खांबांभोंवतीं फिरणारें पाहिजे होतें. दोघां भावांनीं सन १९५७ मध्यें त्याला तीन चाकांचें यंत्र करून दिलें. पुढें नॉर्थ डकोटांतील मेलरो कंपनीनें या भावांना आपल्याकडे घेतलें, सन १९६० मध्यें चार चाकांचें यंत्र आलें, आणि सन १९६२ मध्यें त्याला तिकडच्या एका रानमांजराचें, बॉबकॅटचें, नांव मिळालें. आमचें यंत्र त्या कारखान्याचें नव्हे, तरी घरांतील मुलें त्याला 'बोका' म्हणूं लागलीं तीं यावरूनच. असो. ज्याचा जन्मच पक्ष्यांची विष्ठा काढण्यासाठीं झाला त्याला मधल्या काळांत रस्ते व इमारती बांधणाऱ्या ठेकेदारांनीं पळविलें. तें पुन्हां गोठ्यांत येऊं पाहत होतें, एवढेंच.

नवें घेणें शक्यच नव्हतें, आणि चालू स्थितींतलें जुनेंही आमच्या आवाक्याबाहेरचें होतें. पुण्याच्या उत्तरेस, चाकणच्या बाजूला एका ठेकेदाराच्या आवारांत एक बंद पडलेलें यंत्र दीड वर्ष उभें होतें. मागणी साडेतीन लाखांची. आमच्या घरीं तीन लाख होते, पण ते वाड्याच्या कौलांसाठीं बाजूला काढलेले. माजघरावरचीं कौलें चार पावसाळे गळत होतीं. धाकट्या बंधूंनीं स्पष्टच सांगितलें, "बंद यंत्र म्हणजे मोड. मोडीच्या भावानें मिळालें तर आणा, नाहीं तर घरचें छप्पर दुरुस्त करा."

वहिनी दोन दिवस कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं त्या हातांत सुतळी घेऊन ओसरीवर आल्या व म्हणाल्या, "भाऊजी, कौलें आणखी एक पावसाळा तग धरतील. नानांची कंबर धरणार नाहीं. पण बापू उतावीळ आहे, वस्तु मनांत भरली कीं तिचे दोष त्याला दिसत नाहींत. तुम्ही बरोबर जा आणि त्याला सांभाळा." मग ती सुतळी त्यांनीं आमच्या हातीं दिली. तिला दोन गांठी होत्या. पहिल्या गांठीपर्यंत गोठ्याच्या दाराची रुंदी, दुसरीपर्यंत उंची. आम्ही तिघे पुरुष पंधरा दिवस या यंत्रावर बोलत होतों. दार मोजण्याचें कोणालाही सुचलें नव्हतें.

त्या वर्षीं मार्गशीर्षांत बापू, आम्ही आणि वाईचे एक मिस्त्री असे तिघे चाकणला गेलों. मिस्त्री पन्नाशीचे, बोलणें बेताचें. आवारांतल्या कारकुनानें आल्याबरोबर सांगितलें, "इंजिन एकदम ओके आहे. फक्त बॅटरी गेलीय." मिस्त्री यावर कांहीं बोलले नाहींत, येतांना ते चालू बॅटरी बरोबर घेऊनच आले होते. ती जोडली, दिवा लागला, घड्याळांत ४,१८० तास दिसले, आणि किल्ली फिरवितांच एक 'टक्' असा आवाज होऊन सारें पुन्हां शांत झालें. कारकून चहा सांगावयास निघून गेला.

पुढचे दोन तास मिस्त्रींनीं जें केलें तें थोडें विस्तारानें देतों, कारण आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या मुला-पुतण्याला उद्यां असाच मोह झाला तर उपयोगी पडेल. प्रथम इंजिनाच्या पुढच्या कप्पीला लांब पाना लावून त्यांनीं तें हातानें फिरवून पाहिलें. जड फिरलें, पण फिरलें; म्हणजे आंत जाम झालेलें नव्हतें. नंतर तेलाची पट्टी काढली. तेल काळें चालतें. दूध घातलेल्या कॉफीसारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें असें समजावें. आमचें काळेंच होतें. रेडिएटरचें झांकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय तें पाहिलें. डिझेलची गाळणी उघडली तर आंत डांबर. घड्याळांतील तासांवर त्यांचा विश्वास दिसला नाहीं. त्यांनीं बकेटच्या खिळ्यांत पहार घालून ती हलविली. अर्ध्या बोटाचा खुळखुळा निघाला. मग चालकाच्या पायाखालचा पत्रा दाखविला. तो घासून आरशासारखा झालेला होता. "घड्याळ बदलतां येतं, गुरुजी," ते म्हणाले, "पत्रा कोणी बदलत नाही." दोन्ही बाजूंस चाकांच्या सांखळ्यांची तेलाची पेटी असते, तींतलें तेल बोटांवर घेऊन त्यांनीं उन्हांत चोळून पाहिलें. उजवीकडचें स्वच्छ. डावीकडच्यांत लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता.

एवढें पाहूनही मुख्य गोष्ट पाहतां येत नाहीं, हें त्यांनीं बापूला बाजूला घेऊन सांगितलें. या यंत्राचा प्राण तेलाच्या पंपांत आणि चाकांच्या मोटारींत असतो. त्यांची परीक्षा इंजिन चालल्याशिवाय होत नाहीं, आणि इंजिन तर बंद. इंजिन सुधारावयास जो पैसा लागेल त्याहून पंपाला अधिक लागूं शकतो. म्हणून बंद यंत्राचा भाव करतांना पंप गेलेलाच आहे असें धरावें. चांगला निघाला तर आपलें नशीब. बापूचा चेहरा उतरला. इकडे आम्ही, दुसरें कांहीं येत नसल्यामुळें, रखवालदाराशीं गप्पा मारीत होतों. हें बंद कसें पडलें, असें सहज विचारलें, तर तो म्हणाला कीं शेवटचा महिनाभर तें डावीकडे ओढ घेत होतें, आणि एके दिवशीं जें थांबलें तें पुन्हां सुरू झालें नाहीं. कारकुनाच्या बॅटरीपेक्षां हें उत्तर आम्हांस अधिक सरळ वाटलें. डाव्या पेटींतला चुरा आणि रखवालदाराचें बोलणें एकत्र केल्यावर साडेतीन लाखांचे दोन लाख चाळीस हजार झाले.

वहिनींची सुतळी लावून पाहिली. रुंदीला दोन्ही बाजूंस चार-चार बोटें मोकळीं राहत होतीं. उंची मात्र वीतभर अधिक भरली. दाराची वरची पट्टी फोडावी लागणार होती. पण तें आपल्या हातचें होतें.

आतां त्या भागाकडे येतों, ज्यासाठीं हें लिहीत आहों. यंत्र बंद पडलें तेव्हां त्याचे दोन्ही लोखंडी हात वर उचललेले होते, आणि ते तसेच दीड वर्ष पुरुषभर उंचीवर उभे होते. आम्हांस त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. मिस्त्री बॅटरी गाडींत ठेवावयास गेले असतां आम्ही कागद पाहूं लागलों. मूळ खरेदीची पावती होती, कर्ज फिटल्याचा दाखला होता. पण दोहोंतील यंत्राच्या क्रमांकांत एक आंकडा जुळत नव्हता. एकांत ३, दुसऱ्यांत ८. ज्यानें छत्तीस वर्षें वह्या तपासल्या त्याच्या नजरेंतून असलें निसटत नाहीं. खरा क्रमांक यंत्रावरच्या पत्र्यावर असणार, आणि तो पत्रा आंतल्या बाजूस, त्या उचललेल्या हातांच्या खालीं होता. आम्हीं बापूला आंत वांकून तो पुसावयास सांगितलें. त्यानें वाचला. आमचें समाधान होईना. "पुन्हां वाच, एकेक आंकडा सावकाश वाच," असें म्हणून खिशांतली तांबडी-निळी पेन्सिल व कागद त्याच्या हातीं दिला, आणि पत्र्याचा ठसा घ्यावयास लाविलें. दहा मिनिटें तरी तो तेथें वांकून उभा होता. बाहेर येतांना पेन्सिल त्याच्या हातांतून पडली. ती आणण्यास त्याला पुन्हां आंत धाडावें असेंही क्षणभर आमच्या मनांत आलें, पण उशीर होत होता.

आंकडा ३ हाच खरा निघाला. दाखल्यांत चूक होती. विकणाऱ्यानें नऊ दिवसांत दुरुस्त केलेला दाखला आणून दिला. तसें न करितां पैसे दिले असते तर दुसऱ्याच्या कर्जाचें यंत्र आमच्या दारांत येऊन उभें राहण्याचा संभव होता. बापूनें वाटेंतच वहिनींना फोन करून काकांनीं आंकडा कसा पकडला तें कौतुकानें सांगितलें. आम्हींही तें कौतुक ऐकून घेतलें.

दहाव्या दिवशीं हायड्रा क्रेन व सहा चाकांचा ट्रक ठरवून आम्ही पुन्हां गेलों. मिस्त्रींनीं यंत्राभोंवतीं एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, परवां याच्या हाताखालीं कोणी गेलं नव्हतं ना?"

बापू ट्रकवाल्याशीं भाड्याचें बोलत होता. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. मिस्त्रींनीं आमचें मौन नकारार्थी घेतलें असावें. ते म्हणाले कीं हे हात कोणत्याही खुंटीवर टेकलेले नाहींत. नळ्यांत कोंडलेल्या तेलावर उभे आहेत. दीड वर्षांत आंतलीं सीलें कुजलीं असतील. नळी फुटली किंवा एखादा खटका सैल झाला तर पापणी लवण्याच्या आंत ते खालीं येतील. हात वर असतांना खालीं जावें लागलेंच तर आधाराला एक लोखंडी टेकू यंत्राबरोबर येतो, तो येथें कोणीतरी मोडींत विकून टाकलेला होता. बैठकीवर जाण्याची वाटही पुढूनच, त्याच हातांच्या खालून. म्हणून त्यांनीं क्रेनचा पट्टा दोन्ही हातांना अडकवून भार क्रेनवर घेतला, मागची खिडकी काढली (संकटकाळीं बाहेर पडण्यासाठीं ती निघते), आणि त्या बाजूनें आंत शिरून तेल मोकळें करण्याची कळ हळूच फिरविली.

अर्धा फेरा झाला नसेल. दोन्ही हात वीतभर खालीं आदळले, पट्टा ताणून कडाडला, क्रेनचें नाक हाललें आणि आवारांतले कावळे उडाले. पट्टा होता म्हणून वीतभरच. बापू लांबून हंसत ओरडला, "काका, बोका जागा झाला!" आमचे पाय लटपटत होते. क्रेनवाल्यानें मग पट्टा हळूहळू सोडला, बकेट जमिनीला लागली, आणि तिच्या खालीं धुळींत पडलेली आमची तांबडी-निळी पेन्सिल मोडल्याचा आवाज एवढ्या गडबडींत आला असणें शक्य नाहीं, पण आम्हांस तो आला. "त्याला सांभाळा" म्हणून ज्याला आमच्या हवालीं केलें होतें, त्याला आम्हीं एका आंकड्यासाठीं दहा मिनिटें तेथें उभें केलें होतें. त्याला स्वतःला हें अजून ठाऊक नाहीं.

नंतरचें सारें आम्ही ओट्यावर बसून पाहिलें. चाकें आहेत म्हणजे ओढलें कीं यंत्र चालेल, अशी आमची समजूत होती. तसें होत नाहीं. इंजिन थांबलें कीं याचा ब्रेक आपोआप बसतो, आणि चाकांच्या मोटारींतलें तेल कोंडून चाकें अडतात. संस्कृतांत 'यंत्र' शब्द 'यम्' धातूपासून, म्हणजे आवरून धरणें या अर्थापासून, आला आहे. मुलांना हें आम्हीं अनेकदां सांगितलें, त्याचें प्रत्यक्ष उदाहरण पाहण्यास मात्र चाकणला जावें लागलें. क्रेननें उचलतांना पहिल्या खेपेस तोंड वर गेलें व शेपूट खालींच राहिलें, कारण इंजिन मागें असल्यामुळें बहुतेक भार मागच्या चाकांवर असतो. खालीं ठेवून पट्टे मागें सरकविले, मग तें सरळ उठलें. पावणेतीन टनांचा तो जीव हवेंत झुलत असतांना मिस्त्रींनीं कोणालाही जवळ येऊं दिलें नाहीं. ट्रकवर जड बाजू चालकाकडे, बकेट फळीवर सपाट टेकलेली, आणि चार कोपऱ्यांस चार सांखळ्या ताणून बांधलेल्या. खंबाटकीचा घाट लागण्यापूर्वीं चालकानें गाडी उभी करून सांखळ्या पाहिल्या. एक सैल झालीच होती. सुरूरवरून आम्ही वाईकडे वळलों तेव्हां दिवेलागण झाली होती.

गांवीं क्रेन नव्हती. ट्रक बांधाला भिडवून उभा केला, पण अडकलेलीं चाकें फळ्यांवरून सरकणार कशीं? येथें नाना पुढें झाले. त्यांनीं परड्यांतले केळीचे चार खांब तोडावयास लाविले, ते उभे चिरून ओली बाजू वर करून फळ्यांवर अंथरले, आणि पुढून ट्रॅक्टर व मागून आवरण्यास दोर अशा बेतानें बोका गुळगुळीत घसरत बांधावर आला. मिस्त्रींनीं नानांकडे पाहून मान डोलविली. त्या माणसाकडून एवढें म्हणजे पुष्कळ.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. स्टार्टर गेलेला होता, डिझेल तोडणारी विजेची कळ गेलेली होती, टाकी धुवावी लागली. तीन आठवड्यांनीं इंजिन सुरू झालें. पंप दोन्ही चांगले निघाले, डाव्या अंगाची चाकाची मोटार गेलेली होती. सारा खर्च एक लाख पस्तीस हजार झाला. बापूपाशीं साठच होते. उरलेले आम्हीं आपल्या पेन्शनींतून साठविलेल्या पुंजींतून दिले. वहिनींनीं कारण विचारलें, तेव्हां गोठ्याची आवड लागली असें कांहींतरी सांगितलें. त्यांनीं आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें व रक्कम वहींत आमच्या नांवानें जमा केली.

सन २०२३ च्या पावसाळ्यांत माजघरांत सात पातेलीं मांडावीं लागलीं. रात्रीं त्यांत थेंब पडत तेव्हां प्रत्येकाचा सूर निराळा लागे, आणि मुलें त्यांना सा, रे, ग म्हणून ओळखीत. वहिनींच्या तोंडून यंत्राविरुद्ध अक्षर निघालें नाहीं. कौलें सन २०२४ मध्यें झालीं. सकाळीं नानांचा नातू बोक्यावर बसून पाऊण तासांत गोठा काढतो. पूर्वीं तेवढ्याला तीन तास लागत. खांबांच्या कडेला बकेट पोंचत नाहीं, तेवढे कोपरे नाना खराट्यानें काढतात व नातवाच्या हातांत वळण नाहीं अशी तक्रार करतात. दाराची फोडलेली पट्टी अजून नीट बसविलेली नाहीं. दोन गांठींची सुतळी तिच्याच खिळ्याला टांगलेली आहे.

त्या दहा मिनिटांविषयीं आम्ही वहिनींना तेव्हांच सांगावयास हवें होतें. सांगितलें नाहीं; प्रथम भीतीनें, मग लाजेनें, आणि पुढें सारें ठीक चाललें आहे तर कशाला, म्हणून. टेकू मात्र लोहाराकडून नवा करून घेतला आहे, आणि हात वर असतांना तो लावल्याशिवाय बापूनें किंवा नातवानें खालीं वांकूं नये, याबद्दल आम्ही इतके चिडतों कीं घरांत सर्वांना तें आमच्या म्हातारपणाचें लक्षण वाटतें.

हें मासिक आमच्या घरीं टपालानें येतें, आणि पहिल्यानें वहिनी वाचतात. दुपारचीं जेवणें आटोपल्यावर, माजघराच्या खिडकींत, पहिल्या पानापासून. अंक ज्या दिवशीं येईल त्या दिवशीं आम्ही जेवणानंतर झोपावयास जाणार नाहीं. समोरच्या ओसरीवर बसून राहणार आहों.